श्वासाची हाक ऐकणारा श्रद्धावंत डॉक्टर : रने लाएनेक

लहान बालकांना जवळ बोलावून त्यांच्या मस्तकावर हात ठेवणारा आणि याईराच्या कन्येच्या अंथरुणापाशी जाऊन तिचा हात हाती घेणारा प्रभू येशू आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. रोग्यांच्या सेवेचा हा वारसा ख्रिस्तसभेने शतकानुशतके जपला. त्यात जसे संत आणि धर्मभगिनी आहेत, तसेच आपला प्रपंच सांभाळून रुग्णालयांत आयुष्य वेचणारे प्रापंचिक श्रद्धावंतही आहेत. डॉ. रने लाएनेक हे त्यांपैकी एक थोर नाव होय.

डॉक्टरांच्या गळ्यातील स्टेथोस्कोप आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तो प्रथम ज्याच्या कल्पनेतून साकारला तो फ्रेंच डॉक्टर रोज प्रार्थना करणारा, जपमाळ जपणारा आणि गरिबांची सेवा करणारा कॅथलिक होता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १३ ऑगस्ट १८२६ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे २०२६ मध्ये त्यास दोनशे वर्षे पूर्ण होतात. न्यूमोनिया या आजाराची छातीतील चाहूल ओळखण्याची रीत जगाला त्यांनी दिली. हाच आजार आजही जगभर पाच वर्षांखालील लाखो बालकांचे प्राण घेत आहे. म्हणून या डॉक्टरांचे चरित्र सांगत असताना, आपल्या घरातील चिमुकल्यांच्या श्वासाकडेही वाचकांचे लक्ष वेधावे, असा आमचा हेतू आहे.

आईविना वाढलेले बालपण

फ्रान्सच्या वायव्य टोकाला समुद्रात शिरलेला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथील लोक कष्टाळू, दर्यावर्दी आणि श्रद्धाळू म्हणून ओळखले जात. त्यांची ब्रेतों ही स्वतंत्र भाषा आहे. या प्रांतातील केंपेर या गावी १७ फेब्रुवारी १७८१ रोजी रने यांचा जन्म झाला. वडील वकील होते. पण संसारापेक्षा काव्य आणि चैन यांत त्यांचे मन अधिक रमे. रने पाच वर्षांचे असतानाच त्यांच्या आईने जगाचा निरोप घेतला. मुलांचा सांभाळ करणे वडिलांना जमेना. तेव्हा नात्याने आजोबा लागणाऱ्या एका धर्मगुरूंनी त्यांना काही काळ आपल्याजवळ ठेवून घेतले. श्रद्धेचे पहिले संस्कार रने यांच्या मनावर झाले ते या धर्मगुरूंच्या घरी.

पुढे नांत शहरातील त्यांचे काका डॉ. गियोम लाएनेक यांनी या पोरक्या मुलाला आपल्या घरी नेले आणि पोटच्या मुलाप्रमाणे वाढवले. हे काका नावाजलेले वैद्य होते. रने मुळात अशक्त प्रकृतीचा मुलगा. उंची बेताची, अंगकाठी सडपातळ, वरचेवर दमून जाणारा. परंतु बुद्धी तल्लख आणि बोटांत कला. तो बासरी उत्तम वाजवी. ही संगीताची जाण आणि ऐकण्याची सवय पुढे त्याच्या कामी येणार होती.

क्रांतीचे रक्तरंजित दिवस

फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा नांत शहरात विशेष भडकला. १७९३ आणि १७९४ च्या दहशतीच्या काळात तेथे शेकडो माणसांचा शिरच्छेद झाला. अनेक धर्मगुरूंसह हजारोंना लुआर नदीत बुडवून मारण्यात आले. देवळे बंद पडली, घंटा मुक्या झाल्या. रने तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. ज्या वयात मुले खेळण्यात दंग असतात, त्या वयात त्यांनी मृत्यूचे थैमान पाहिले.

अशा दिवसांतही त्यांचे काका रुग्णालयात जाऊन जखमी व आजारी लोकांची शुश्रूषा करीत राहिले. कोण कोणत्या पक्षाचा, हे त्यांनी विचारले नाही. त्यांचा हा कित्ता रने यांनी पुढे आयुष्यभर गिरवला. चौदाव्या वर्षी ते काकांच्या हाताखाली रुग्णालयात शिकू लागले. वडिलांना मुलाने वैद्य होणे पसंत नव्हते आणि पैशासाठी त्यांना पुन्हा पुन्हा विनवावे लागे. अखेर १८०१ मध्ये वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी रने पॅरिसला निघाले. या दीर्घ प्रवासाचा बराचसा पल्ला त्यांनी पायी पार केला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

पॅरिसमध्ये विद्या आणि श्रद्धा

पॅरिसच्या शारिते रुग्णालयात त्या काळी डॉ. कॉर्व्हिसार हे विख्यात गुरू शिकवीत असत. ते नेपोलियनचे वैद्य होते. रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून येणाऱ्या आवाजावरून आतील स्थिती ओळखण्याची पद्धत ऑस्ट्रियातील डॉ. आउएनब्रुगर यांनी शोधली होती. कॉर्व्हिसार यांनी ती उचलून धरली आणि रने यांनी ती त्यांच्यापाशी आत्मसात केली. रोग्याचे निधन झाल्यावर त्याच्या शरीराची तपासणी करून, जिवंतपणी दिसलेली लक्षणे आणि आतील अवयवांची अवस्था यांचा मेळ घालण्याचीही शिस्त त्यांना तेथेच लागली. १८०३ मध्ये त्यांनी वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत प्रथम क्रमांकाची पारितोषिके मिळवली, आणि १८०४ मध्ये डॉक्टरकीची पदवी संपादन केली.

क्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये सुशिक्षित तरुणाने देवाचे नाव घेणे हा थट्टेचा विषय झाला होता. वैद्यकीय वर्तुळात तर अश्रद्धा हीच विद्वत्तेची खूण मानली जाई. काही काळ श्रद्धेपासून दुरावलेले रने आपला मित्र डॉ. बेल याच्या सहवासात पुन्हा ख्रिस्ताकडे वळले. मरियामातेच्या नावाने चालणाऱ्या, फादर दल्प्वी यांनी स्थापन केलेल्या तरुणांच्या संघात ते १८०३ मध्ये सामील झाले. संघाचे सदस्य प्रार्थना करीत, साक्रामेंते स्वीकारीत आणि गरीब व आजारी लोकांच्या भेटीला जात. लाएनेक यांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही आणि तिचा बडेजावही केला नाही.

१८१४ मध्ये युद्धात जखमी व आजारी झालेले ब्रिटनीचे अनेक तरुण सैनिक पॅरिसच्या रुग्णालयांत दाखल झाले. त्यांना फ्रेंच भाषा येत नव्हती. आपली वेदना कोणाला सांगावी हे त्यांना उमगेना आणि घराच्या आठवणीने ते खंगत चालले होते. लाएनेक यांनी मोठेपणी आपल्या प्रांताची ब्रेतों भाषा परिश्रमपूर्वक शिकून घेतली होती. या मुलांना त्यांनी एकत्र ठेवून घेतले, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून उपचार केले आणि त्यांच्या आध्यात्मिक गरजांचीही सोय पाहिली. रोग्याचे म्हणणे नीट ऐकून घेणे हा उपचाराचा पहिला भाग आहे, ही त्यांची धारणा होती.

कागदाची गुंडाळी

१८१६ हे वर्ष त्यांच्यासाठी दुःखाचे आणि भाग्याचेही ठरले. त्याच वर्षी मित्र डॉ. बेल क्षयरोगाने गेला. भाऊ मिशो याला तर १८१० मध्येच याच रोगाने ओढून नेले होते. आप्तांच्या छातीत काय चालले आहे हे बाहेरून कळत नाही, कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते, हा सल त्यांच्या मनात होता. त्या वर्षी पॅरिसमधील नेकर रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. गरिबांसाठी १७७८ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय. त्याच्या शेजारीच १८०२ मध्ये आजारी मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय उघडले होते. पाश्चात्त्य जगातील ते अशा प्रकारचे पहिले रुग्णालय मानले जाते. विसाव्या शतकात ही दोन्ही रुग्णालये एकत्र झाली आणि आज ती मुलांच्या उपचारांसाठी जगप्रसिद्ध आहेत.

या काळात हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण रुग्ण त्यांच्याकडे आली. शरीर स्थूल असल्यामुळे हाताने चाचपून वा बोटांनी ठोकून काही बोध होईना. काही वैद्य छातीला थेट कान लावून ऐकत. परंतु तरुण स्त्रीच्या बाबतीत ते लाएनेक यांच्या मर्यादाशील मनाला पटेना. तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. लूव्हरच्या अंगणात खेळणाऱ्या मुलांना असे करताना त्यांनी पाहिले होते, अशी आख्यायिकाही प्रचलित आहे. त्यांनी कागदांचा एक गठ्ठा घेऊन त्याची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. थेट कान लावूनही कधी आला नव्हता इतक्या स्पष्टपणे त्यांना हृदयाचा ठोका ऐकू आला.

कागदाच्या गुंडाळीची जागा लवकरच लाकडी नळीने घेतली. सुमारे एक फूट लांबीच्या या नळ्या लाएनेक स्वतः कातून तयार करीत. छाती आणि पाहणे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी या साधनाला स्टेथोस्कोप असे नाव दिले. एका रुग्णेची लाज राखण्यासाठी सुचलेल्या या उपायातून वैद्यकाला एक नवे इंद्रियच लाभले, असे म्हणता येईल.

फुप्फुसांची भाषा

पुढील तीन वर्षे लाएनेक यांनी नेकरच्या खोल्यांतून रोग्यांच्या छातीतील आवाज टिपण्यात घालवली. निरोगी श्वासाचा आवाज कसा, श्वासनलिकेत कफ साचल्यावर कसा, फुप्फुसाभोवती पाणी झाल्यावर कसा, क्षयाने पोकळी पडल्यावर कसा, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. संगीताची जाण असलेल्या त्यांच्या कानांनी हे भेद अचूक पकडले. १८१८ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि १८१९ मध्ये नऊशेहून अधिक पानांचा त्यांचा द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

न्यूमोनियाचे त्यांनी केलेले वर्णन आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जाते. प्रथम फुप्फुसात रक्त दाटून येते. तेव्हा श्वास आत घेताना बारीक चरचर ऐकू येते, जणू तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावे. नंतर हवेने भरलेला हा स्पंजासारखा अवयव यकृतासारखा घट्ट बनतो आणि त्या भागात श्वासाचा मऊ आवाज हरपतो. पुढे तेथे पू होतो. रोगी बरा होऊ लागला, तर ती चरचर पुन्हा परतते. रोगी वाचणार याची ही पहिली खूण लाएनेक यांच्या कानांना कळे. छातीतील अनेक दुखणी तोपर्यंत एकाच तापात जमा धरली जात. त्यांतून न्यूमोनिया, श्वासनलिकेची सूज, फुप्फुसाभोवतीचे पाणी आणि क्षय यांना वेगवेगळे ओळखणे आता शक्य झाले.

त्यांच्याच परिचयातील ब्रेतों डॉक्टर केर्गारादेक यांनी १८२१ मध्ये हीच नळी गर्भवती स्त्रीच्या पोटावर ठेवली आणि उदरातील बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले. जन्मापूर्वीच बाळाच्या जिवंतपणाची ग्वाही देणारा तो नाद ऐकून श्रद्धावंतांचे मन आजही परमेश्वरापुढे नम्र होते.

ऐकू आले; परंतु वाचवता आले नाही

लाएनेक यांच्या जीवनातील करुण बाजू येथे सांगितली पाहिजे. रोग कोठे आहे, किती पसरला आहे, हे त्यांना कळे. पण तो बरा करण्याचे औषध त्यांच्याजवळ नव्हते. त्या काळचे उपचार म्हणजे शिरेतून रक्त काढणे, जळवा लावणे, पोळून फोड आणणे आणि अँटिमनीसारखी तीव्र औषधे देणे. लाएनेक यांनीही यांतील काही उपचार केले. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामागील एक प्रमुख जंतू १८८१ मध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेतील डॉ. स्टर्नबर्ग यांना स्वतंत्रपणे आढळला. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला आणि ते रोग्यांपर्यंत पोहोचण्यास १९४० चे दशक उजाडले. म्हणजे ज्या खाटांपाशी बसून त्यांनी ही चरचर ऐकली, तेथील कित्येकांसाठी त्यांना सांत्वन आणि प्रार्थना यांपलीकडे फारसे काही करता आले नाही.

शेवटची वर्षे

अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. १८१९ मध्ये ग्रंथ पूर्ण होताच ते ब्रिटनीतील केर्लुआर्नेक येथील आपल्या घरी गेले आणि समुद्राच्या हवेत, झाडे लावण्यात व गावकऱ्यांची सेवा करण्यात दोन वर्षे राहिले. १८२१ मध्ये पॅरिसला परतल्यावर मान-सन्मान चालून आले. १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकपद मिळाले. पुढे ते शारिते रुग्णालयात शिकवू लागले. देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्याभोवती जमत आणि ते सर्वांना समजावे म्हणून लॅटिनमधूनही शिकवीत. राजघराण्यातील व्यक्ती त्यांच्या रुग्ण होत्या. तरी गरिबांसाठी त्यांचे दार बंद झाले नाही.

डिसेंबर १८२४ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी आपले घर सांभाळणाऱ्या सुशील विधवा जाक्मीन आर्गू यांच्याशी विवाह केला. दोघेही श्रद्धावान. एकदा प्रवासात त्यांची घोडागाडी उलटली. गाडी सरळ केल्यावर दोघांनी जपमाळ जेथे थांबली होती तेथूनच पुढे सुरू केली, अशी आठवण सांगितली जाते. बाळाची चाहूल लागली, पण ते जन्मापूर्वीच दगावले. लाएनेक यांना अपत्यसुख लाभले नाही.

१८२६ मध्ये ग्रंथाची सुधारित आवृत्ती हाता-वेगळी केली, तेव्हा ते खोकला व तापाने जर्जर झाले होते. त्यांचा चुलतभाऊ डॉ. मेरियादेक याने त्यांच्याच नळीने त्यांची छाती तपासली. त्याने ऐकलेले आवाज लाएनेक यांच्याच ग्रंथात वर्णिलेले क्षयाचे आवाज होते. आपले काय होणार हे त्यांना समजले. ते शांतपणे केर्लुआर्नेकला परतले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला. त्यापूर्वी थोडा वेळ त्यांनी आपल्या बोटांतील अंगठ्या स्वतःच काढून ठेवल्या. नंतर हे काम दुसऱ्या कोणाला करावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. प्लोआरे येथील दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.

चिमुकल्यांचा धोका कशाने वाढतो?

आज आपली स्थिती लाएनेक यांच्या उलट आहे. औषध आहे, लस आहे, प्राणवायू आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार बालके न्यूमोनियाने दगावली. या वयातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के होते. यांतील बहुतेक मृत्यू गरीब घरांत होतात.

लहान बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि रोगाशी लढण्याची शक्ती पुरती तयार झालेली नसते. त्यामुळे साधी सर्दीही फुप्फुसांपर्यंत उतरू शकते. त्यात काही गोष्टी धोका वाढवतात. पहिली गोष्ट म्हणजे कुपोषण. कमी वजनाचे किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ, तसेच पोटभर सकस अन्न न मिळालेले मूल जंतूंपुढे लवकर हार खाते. दुसरी गोष्ट म्हणजे आईच्या दुधापासून वंचित राहणे. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे, पहिला चीक फेकू नये आणि सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे. पाणी, मध किंवा गुटी या काळात देऊ नये.

तिसरी गोष्ट म्हणजे धूर. लाकूड वा गोवऱ्यांवर पेटणाऱ्या चुलीच्या धुरात बाळाला मांडीवर घेऊन बसणे आणि घरात विडी-सिगारेट ओढणे यांनी बाळाच्या श्वासनलिका दुखावतात. चौथी गोष्ट म्हणजे दाटीवाटी. एका खोलीत अनेकजण, खिडक्या बंद, आणि त्यात कोणी खोकणारा असेल तर जंतू सहज पसरतात. थंडीत वा पावसाळ्यात आजार वाढतो तो मुख्यतः असा. केळे किंवा दही खाल्ल्याने न्यूमोनिया होत नाही. पाचवी गोष्ट म्हणजे चुकलेले लसीकरण. गोवर झालेल्या मुलाला न्यूमोनिया गाठतो. डांग्या खोकलाही फुप्फुसांवर उतरतो. गोवराची लस, पंचसंयोजित लस आणि २०२१ पासून देशभर मोफत दिली जाणारी न्यूमोकॉकल लस बाळाला वेळच्या वेळी मिळालीच पाहिजे.

आपल्याकडील एका जुन्या सवयीचाही उल्लेख केला पाहिजे. न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात तेल सोडणे किंवा रडत्या, आडव्या बाळाच्या तोंडात बळेच काही ओतणे धोक्याचे आहे. ते तेल वा द्रव फुप्फुसात उतरून तेथे दाह होतो. मेळघाटासारख्या भागात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा आढळते. तिने बाळाच्या यातना वाढतात आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

घरातील आईनेही ऐकावे

न्यूमोनिया ओळखण्यासाठी प्रत्येक घरात स्टेथोस्कोप असावा लागत नाही. बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, त्याचे कपडे वर करून छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर खोकल्यासह असा जलद श्वास ही न्यूमोनियाची खूण मानतात. ताप असेलच असे नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जाणे, ज्याला आपल्याकडे पोट उडणे म्हणतात, दूध वा पाणी न घेणे, कण्हणे, ओठ निळसर पडणे, झटके येणे किंवा बाळ मलूल होणे यांपैकी काहीही दिसले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास नुसता जलद असला तरी घरी थांबू नये.

महाराष्ट्राने या बाबतीत जगाला एक धडा दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील दाया व आरोग्यसेवकांना बाळांचे श्वास मोजण्यास शिकवले. निरक्षर दाईसाठी त्यांनी मण्यांचे एक साधे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; वाळूच्या घड्याळातील मिनिट संपण्यापूर्वी लाल मणी आला, तर तो न्यूमोनिया. मग त्या सेवकांनीच प्रतिजैविक औषध सुरू करायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होते. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या स्त्रियांनी मण्यांवर श्वास मोजून बाळे वाचवली.

आपल्या धर्मग्रामांत

लाएनेक यांचे चरित्र वाचून केवळ अभिमान बाळगणे पुरेसे नाही, असे आम्हांला वाटते. आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी तरुण आईवडील एकत्र येतात. त्या वर्गात स्तनपान, लसीकरण आणि श्वास मोजणे यांसाठी अर्धा तास राखून ठेवता येईल. महिला मंडळांना आणि लहान ख्रिस्ती समूहांना आपल्या गावातील आशा सेविकेला एखाद्या सभेत बोलावता येईल. घरी आजी-आजोबा असतील, तर बाळाचा पहिला डॉक्टर तेच असतात. त्यांना ही लक्षणे समजली तर पुढचे अनर्थ टळतील. १२ नोव्हेंबर हा दिवस जागतिक न्यूमोनिया दिन म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात आपल्या मिस्साबलिदानातील श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये आजारी बालकांचे स्मरण करावे.

आपल्या शेजारच्या पाड्यावर, वीटभट्टीवर किंवा बांधकामाच्या ठिकाणी राहणाऱ्या मजुरांची बाळेही आपलीच आहेत. त्यांच्या झोपडीत धूर आहे, ताटात अन्न तुटपुंजे आहे आणि लसीचे कार्ड गावोगावच्या भटकंतीत हरवलेले आहे. न्यूमोनियाचा धोका वाढवणाऱ्या बहुतेक गोष्टी तेथे एकत्र नांदतात. ब्रिटनीच्या त्या परक्या पडलेल्या सैनिकांना लाएनेक यांनी त्यांच्या भाषेत धीर दिला. आपणही या कुटुंबांकडे आपुलकीने जाऊ या, त्यांचे ऐकून घेऊ या आणि त्यांच्या बाळाला आरोग्यकेंद्रापर्यंत सोबत करू या.

मातीच्या देहात श्वास फुंकून परमेश्वराने मनुष्याला जिवंत केले, असे आपली श्रद्धा सांगते. तो श्वास एखाद्या चिमुकल्या छातीत अडखळत असेल, तेव्हा तो ऐकण्याची आणि वेळीच धावून जाण्याची बुद्धी प्रभू येशू, मरियामातेच्या मध्यस्थीने, आपणा सर्वांना देवो.